वजन, गिअरबॉक्स धरून

"हे हलकं हाय," जंबू मगदूम म्हणाला आणि डिझेल इंजिनावर हात थोपटला. बाजारात म्हैस उभी करावी तसं ते इंजिन त्यानं गॅरेजच्या दारात उभं केलं होतं.

"गिअरबॉक्स धरून?" मी विचारलं.

"गिअरबॉक्स कशाला धरताय? त्यो तिकडं पडलाय की."

"गाडीतही तो तिकडंच पडणार आहे का?"

जंबूनं माझ्याकडं बघितलं, मग चेअरमनसाहेबांकडं बघितलं आणि तंबाखू मळायला घेतली. आंबळवाडीत एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर माणसं तंबाखू मळतात.

मी तेव्हा तिथल्या साखर कारखान्यात बॉयलरवर ज्युनिअर इंजिनिअर होतो. मोटारीशी माझा संबंध एस.टी.चं तिकीट काढण्यापुरता. पण चेअरमन सर्जेराव इंगवल्यांची पक्की समजूत होती, की इंजिनिअर म्हणजे इंजिनाचा माणूस. त्यामुळं त्यांच्या वडिलांच्या अँबॅसडरमध्ये कुठलं इंजिन घालायचं हे ठरवायला मला बॉयलरवरून उचलून आणलं होतं.

ती गाडी थोरल्या आबांची. कारखाना काढला तो त्यांनीच. त्यांची जन्मशताब्दी आली होती, आणि तिच्या पाठोपाठ कारखान्याची निवडणूक. आंबळाईच्या डोंगरावर पूजा करायची आणि आबांच्या गाडीतून मिरवत कारखान्यावर उतरायचं, असा बेत होता. गाडीचं मूळ इंजिन केव्हाच गेलं होतं. जंबूनं दोन इंजिनं शोधून आणली होती. एक जपानी बनावटीचं पेट्रोल, त्याचा गिअरबॉक्सही नाजूक. दुसरं जीपमधलं डिझेल, सगळं बिडाचं, आणि त्याच्या गिअरबॉक्सला चारही चाकं फिरवणाऱ्या ट्रान्सफर केसचं, अँबॅसडरला कारण नसलेलं एक कुबडसुद्धा.

"हे बघा साहेब," मी म्हणालो, "नुसत्या इंजिनाच्या वजनावर जायचं नसतं. गिअरबॉक्स, क्लच, स्टार्टर, तेल, पाणी सगळं धरायचं. डिझेलचा संच भरेल तीनशे किलोच्या आसपास. पेट्रोलचा दोनशेच्या आत. गाडीचं पुढचं सस्पेन्शन आणि ब्रेक जुन्या इंजिनाच्या हिशेबानं केलेत. डिझेल बसवलं तर नाक खाली जाईल. आंबळाईच्या उतारावर—"

"कशावरनं?" सर्जेराव म्हणाले.

"पुस्तकात आहे."

"पुस्तक कुणी तोललंय?" ते हसले. जंबू हसला. गाडी पुसत असलेला ड्रायव्हर भैरूसुद्धा हसला, पण तो साहेब हसले की हसायचा. ते त्याच्या कामातच धरलेलं होतं. "तोला की मग. एवढा काटा हाय आपला."

आणि हे बोलता बोलता साहेब थबकले. त्यांना काहीतरी सुचलं. राजकारणातल्या माणसाला सुचतं तेव्हा त्याचा चेहरा एकदम धार्मिक होतो.

ते काय सुचलं ते सांगायला पाहिजे. त्या हंगामात विरोधी पॅनेलनं गावोगावी एकच गोष्ट लावून धरली होती: काटामारी. कारखान्याचा वजनकाटा उसाच्या दर ट्रॉलीमागं वजन मारतो. हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. फक्त सिद्ध करता येत नव्हतं, कारण तपासणी आली की काटा एखाद्या सोवळ्यातल्या बाईसारखा शुद्ध असायचा.

"इंजिनं काट्यावर तोलायची," सर्जेराव म्हणाले. "सगळ्यांम्होरं. काटा खोटा असता तर सर्जेरावानं बापाच्या गाडीचं इंजिन त्येच्यावर तोललं असतं का? काय इंजिनेर?"

"ट्रकचा काटा आहे साहेब. दहा किलोच्या आतलं तो दाखवतच नाही."

"शंभर किलोचा फरक हाय म्हणताय न्हवं? मग दावंल की." जाता जाता ते दारातून वळले. "आणि जंब्या, दोन्ही इंजिनं माज्या पिकपमधनंच आणायची. दुसऱ्या कशातनं न्हाई."

मला तो मोठेपणा वाटला.

*

काट्यावर त्या दिवशी जत्रा होती. उसाच्या ट्रॉल्या मागं फाट्यापर्यंत उभ्या. ट्रॉलीवाले, बैलगाडीवाले, गळ्याभोवती मफलर गुंडाळलेले विरोधक, पंचायत समितीचा कर्णा. काट्याच्या खोलीत शिरगुप्पे बसलेला. शिरगुप्पे हा काट्याचा क्लार्क, वीस वर्षं त्याच खुर्चीत. तोंडानं तो एकच प्रश्न विचारायचा. मान वर न करता, प्रत्येक गाडीला:

"कुणाची गाडी?"

साहेबांची पिकअप पेट्रोल इंजिन घेऊन काट्यावर चढली.

"कुणाची गाडी?"

"सायबांची!" भैरू खिडकीतून ओरडला.

खोलीवरचे लाल आकडे हलले आणि थांबले. कारखान्याच्या क्रेननं इंजिन उचललं, रिकामी पिकअप पुन्हा तोलली. कर्ण्यावरून जाहीर झालं: पेट्रोल इंजिन, गिअरबॉक्स धरून, एकशे नव्वद किलो. पुस्तक आणि काटा तंतोतंत जुळले. मला विज्ञानाचा अभिमान वाटला. एवढा अभिमान नंतर कधी वाटला नाही.

मग डिझेल इंजिन आलं. ते पिकअपमधून आलं नाही. जंबू ते आपल्या बापाच्या उसाच्या ट्रॉलीतून घेऊन आला, ट्रॅक्टर स्वतः चालवत.

सर्जेराव व्यासपीठावरून अर्धे उठले. "जंब्या, पिकप कुठाय?"

"स्प्रिंगचा पाटा बसला असता की सायेब पिकपचा! लई जड हाय!" जंबू ट्रॅक्टरवरूनच ओरडला, आणि गर्दी हसली.

साहेब क्षणभर तसेच अर्धवट उभे राहिले. मग बसले. हजार माणसांसमोर ट्रॉली परत धाडायला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं.

"कुणाची गाडी?" शिरगुप्पेनं विचारलं.

"नेमू मगदूमची," जंबू म्हणाला. "सभासद हाय आमचा बाबा. संस्थापक सभासद."

शिरगुप्पेनं मान वर केली नाही. आकडे हलले, थांबले. इंजिन उचललं, रिकामी ट्रॉली तोलली. कर्णा आधी खाकरला. मग म्हणाला: डिझेल इंजिन, गिअरबॉक्स धरून, एकशे चाळीस किलो.

म्हणजे बिडाचं ते धूड नाजूक जपानी इंजिनापेक्षा पन्नास किलोनं हलकं भरलं होतं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मफलरवाल्यांपैकी एकजण ओरडला, "मग हलकंच बसवा सायेब! का काट्यावर भरवसा न्हाई तुमचा?"

सगळी गर्दी साहेबांकडं बघत होती. साहेब शिरगुप्पेच्या खिडकीकडं बघत होते. शिरगुप्पे पुढच्या गाडीची वाट बघत होता.

सर्जेरावांनी माईक हातात घेतला. "काटा बोलला," ते म्हणाले. "आता सर्जेराव बोलणार न्हाई. डिझेल बसवा."

टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात भैरू वाजवत होता.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जंबूच्या गॅरेजात गेलो. डिझेल इंजिन साखळीला टांगलेलं होतं, आणि ज्या वाशाला साखळी होती तो वासा वाकला होता.

"एकशे चाळीस किलोनं वासा वाकतो का रे?"

"जुना वासा हाय."

"जंबू."

त्यानं पाना खाली ठेवला. "इंजिनेर, तुमी पुण्याकडचं. तुमाला काट्यातलं न्हाई कळायचं. सायबांची, संचालकांची गाडी आली की शिरगुप्प्या हात वर ठेवतोय. सभासदाची भरलेली आली की त्येचा डावा हात टेबलाखाली जातोय. तितं बटण हाय. दीडशे किलो गेलं. रिकामी आली की हात पुन्ना वर. त्यो ऊस बगत न्हाई, इंजिन बगत न्हाई. 'कुणाची गाडी' एवढंच बगतोय. सवय लागलीय त्येच्या हाताला."

"म्हणजे तू मुद्दाम—"

"माज्या बाबाचा ऊस बारा वर्सं गेलाय त्या काट्यावरनं. मी एकदाच गेलो." तो हसला. "आता बसू दे सायबाला ऐटीत बापाच्या गाडीत. उताराला ब्रेक दाबला की गाडी नाक घाशील, धोतार पिवळं हुईल, आणि आक्ख्या तालुक्याला दिसंल काट्यानं किती खाल्लं त्ये."

"आणि ब्रेक लागलाच नाही तर?"

"लागंल की. थोडा उशिरा लागंल." त्यानं पुन्हा पाना उचलला. "आणि मरंना का. कोण रडतंय?"

मी तिथून सरळ साहेबांच्या बंगल्यावर गेलो. ते झोपाळ्यावर बसून पेरू खात होते. मी म्हणालो, साहेब, डिझेल जड आहे. शंभर किलोनं. पुढचे ब्रेक हे वजन धरणार नाहीत.

"मला म्हाईत न्हाई व्हय?" सर्जेराव म्हणाले. "काटा माजा हाय इंजिनेर."

त्यांनी पेरूवर मीठ लावलं.

"मग पेट्रोलचं बसवू साहेब."

"आणि सांगू काय? काटा चुकला? का जंब्याच्या बाच्या ट्रॉलीला तेवडा चुकला? निवडणूक हाय का पोराचं बारसं हाय?"

"पण तुम्ही त्या गाडीत बसणार—"

"कोण बसतंय?" त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "मी मागनं माज्या गाडीत. आबांच्या गाडीत आबा. तसबीर ठेवायची मागच्या शीटवर, हार घालून. आबांचं वजन किती? फ्रेम धरून चार किलो." आणि त्यांनी माझ्याकडं बघून डोळा मारला. "गिअरबॉक्स न्हाई आबांना."

"आणि भैरू?"

"भैरू व्हय?" त्यांनी जरा विचार केला. तो केल्यासारखा दिसला तरी. "भैरू हलकाच हाय की."

*

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी भैरू साहेबांच्या शेडमध्ये गाडीला मेण लावत होता. काळी अँबॅसडर अशी चमकत होती, की तिच्या दारात बघून भांग पाडावा. मी बॉनेटकडं बोट दाखवलं. नाक चार बोटं खाली गेलं होतं.

"दिसतंय का?"

"नवं इंजिन हाय सायेब. बसंल हळूहळू. नवी सून बी आधी मान खालीच घालती."

"भैरू, ही गाडी उतारावर चालवू नकोस. जड झालीय."

"हलकी झालीया," तो म्हणाला. माझी चूक त्यानं मायेनं दुरुस्त केली. "पन्नास किलोनं. म्या सोता आकडा बगितला की लाल."

"काट्यात वजन मारतात."

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. त्यानं आजूबाजूला बघितलं. कुणी ऐकलं का म्हणून. त्याला भीती वाटत होती ती माझ्यासाठी.

"असं बोलू नगा सायेब. थोरल्या आबांनी सोता उभं ऱ्हाऊन बसवलाय त्यो काटा. नारळ म्या फोडलाय. माजा बी ऊस जातोय, अर्धा एकराचा. एक कांडं इकडं तिकडं न्हाई."

आख्ख्या तालुक्यात काट्यावर विश्वास असलेला एकच माणूस होता आणि तो गाडी चालवणार होता.

"आजारी पड," मी म्हणालो. "एक दिवस."

"आनि कायम कसा हुईन?" भैरू म्हणाला. तेव्हा मला कळलं. तो सोळा वर्षं हंगामी होता. दर हंगामाला कामावर, हंगाम संपला की घरी. साहेबांनी शब्द दिला होता, की आबांची गाडी खाली आणलीस की त्याच दिवशी कायमची ऑर्डर. "मालननं पेढं सांगून ठेवल्यात. तुमी बी या."

मी त्या दिवशी पुन्हा जंबूकडं गेलो. गाडी कोण चालवणार आणि मागं कोण बसणार आहे, ते त्याला सांगितलं. तो तंबाखू न मळताच उठला आणि साहेबांच्या शेडकडं धावला. तिथं वॉचमननं त्याला आत सोडलं नाही. गाडीला फुलं लावायचं चाललं होतं. बाहेरच्या माणसाला साहेबांची बंदी होती, आणि त्या बंदीत जंबूचं नाव वेगळं सांगितलेलं होतं.

*

मिरवणूक सकाळी पूजा उरकून डोंगरावरून खाली निघाली. पुढं हलगी, मग झांजपथक, मग आबांची गाडी, मग साहेबांची नवी गाडी, बऱ्यापैकी अंतर राखून. अंतर राखा, असं साहेबांनीच ड्रायव्हरला सांगितलं होतं. मी त्यांच्या मागच्या जीपमध्ये होतो.

पहिल्या वळणावर अँबॅसडरचं नाक खाली गेलं आणि वर आलं. झांजपथकातल्या पोरी हसल्या. दुसऱ्या वळणावर ते खाली गेलं ते वर आलं नाही. भैरूनं हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. पोरी दरीच्या बाजूला झाल्या. सगळ्या झाल्या, एकीलाही लागलं नाही. तेवढ्यासाठीच त्यानं गाडी दरीच्या अंगाला न घेता डोंगराच्या अंगाला घेतली आणि कातळावर नेऊन घातली. पोरी की आपण, यातलं एक त्यानं निवडलं होतं. हॉर्न त्यानंतरही वाजत होता.

इंजिन आत आलं होतं. गिअरबॉक्स धरून.

आबांच्या तसबिरीची काच फुटली नव्हती. पेपरात तेच छापून आलं, फोटोसकट. "थोरल्या आबांची पुण्याई."

शोकसभेत सर्जेराव रडले. चांगले रडले. भैरू कायम नव्हता, त्यामुळं कारखान्याच्या नियमात बसणारं काही त्याच्या घरी देता येत नव्हतं; हेही त्यांनी रडतच सांगितलं. "पण सर्जेराव नियमावर थांबणारा माणूस न्हाई. ज्या गाडीसाठी भैरूनं जीव दिला, माज्या बापाची गाडी, माज्या काळजाचा तुकडा, ती मी आज भैरूच्या घरी देतोय. कागदपत्रासकट." भैरूची बायको मालन पहिल्या रांगेत बसली होती. तिला उभं करून तिच्या हातात किल्ली दिली. गाडीला तेव्हा दार नव्हतं.

निवडणूक त्यांनी सगळ्या जागांसह जिंकली.

*

पाडव्याच्या सुमाराला मालन गाडी भंगारात घालायला निघाली. भंगारवाल्यानं सांगितलं, की कारखान्याच्या काट्याची चिठ्ठी आणा. गावात दुसरा काटा नव्हता. न्यायला ट्रॉली जंबूनं आणली, बापाचीच. भाडं नको म्हणाला. तो त्या दिवसांत कुणाशी फारसं बोलत नसे. रिकामी ट्रॉली आधी तोलून झाली होती. आता अँबॅसडरचा लगदा तिच्यात ठेवून तो ट्रॅक्टर काट्यावर चढवत होता. मी हिशेब देऊन नोकरी सोडायला निघालो होतो, बॅग घेऊन तिथंच उभा होतो.

मालन खिडकीशी उभी होती. पदर घट्ट खोचलेला, हातात कागदांची पिशवी.

"कुणाची गाडी?" शिरगुप्पेनं विचारलं. मान वर न करता.

"सायबांची!" जंबू ट्रॅक्टरवरून ओरडला. इतक्या जोरात, की मागचे बैल दचकले. "थोरल्या आबांची हाय! चेअरमनसायबांची गाडी! लिव्ह तसं, शिरगुप्पे! सायबांची!"

"न्हवं," मालन म्हणाली.

"वैनी, गप ऱ्हावा जरा—"

"का गप ऱ्हाऊ? फुकटची न्हाई कुणाची." तिनं पिशवीतून कागद काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि हातानं सारखा केला. "सायबांची हुती. आता माज्या मालकाच्या नावानं दिलीया. आमची हाय. आमी सभासद हाय, अर्धा एकर ऊस हाय आमचा."

"वैनी!"

"सभासद," शिरगुप्पे म्हणाला.

त्याचा डावा हात टेबलाखाली गेला.

लाल आकडे हलले आणि थांबले. जंबूनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मालननं आकडा दोनदा वाचला, ओठ हलवत. मग माझ्याकडं वळली. त्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा मोकळा झाला होता.

"बगितलं का सायेब? हलकीच हाय की गाडी. आमचं मालक सांगत हुतं तुमाला."